‘रन’ हे इंग्रजी क्रियापद कसे शिकावे
गोव्यात मराठी माध्यमातून प्राथमिक शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्याला ‘रन’ म्हणजे धावणे एवढे ठाऊक असतेच. पुढचे अर्थ पाठ करत बसण्याऐवजी त्याने वाक्यातला कर्ता कोण आहे ते आधी पाहावे. कर्ता रायबंदर ते चोडण जाणारी फेरीबोट असेल तर ‘रन’ म्हणजे ये-जा करणे, मांडवी असेल तर वाहणे, आणि धुण्यातल्या कपड्याचा रंग असेल तर उतरून पसरणे. कर्म आले की अर्थ चालवण्याकडे वळतो: ‘शी रन्स अ शॉप इन म्हापसा’.

खरी गोम क्रियापदामागून येणाऱ्या छोट्या शब्दात असते. ‘रन इनटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे. ‘रन आउट ऑफ’वर मात्र सवडीने वेळ द्यावा (क्रिकेटमधला रनआउट इथे विसरावा): मराठीत तांदूळ संपतात, पण ‘वी हॅव रन आउट ऑफ राइस’ या वाक्यात कर्ता आपण असतो, आणि ‘ऑफ’ गाळून ‘द राइस हॅज रन आउट’ म्हटले की कर्तेपण पुन्हा तांदळाकडे जाते. भूतकाळी रूप ‘रॅन’ असले तरी ‘हॅव’नंतर ‘रन’च येते, म्हणून वहीत सुटा शब्द न लिहिता घरातल्या किंवा बाजारातल्या प्रसंगाचे पूर्ण वाक्य लिहावे.