कॉमिक छापायला टाकण्याआधी, कोकणातल्या माणसाने

गोष्ट, पात्रं, चित्रांची शैली याबद्दल इथे काही नाही. ते तुमच्याकडे असेलच. नसेल तर यादी वाचून येणार नाही. कागद, पेन, टॅब्लेट, जे हाताला बसतं ते घ्या.

पहिलं काम कॅलेंडर घेऊन उलटं मोजायचं. आपल्याकडे छापील वस्तू खपते ती मे महिन्यात, गणपतीत आणि जत्रांना. चाकरमानी गणपतीला गावी येतो तेव्हा त्याच्या खिशात पैसे असतात आणि पोरांना दुपारी काहीतरी हातात द्यायचं असतं. म्हणून सगळ्यांना पुस्तक भाद्रपदात हवं असतं, आणि म्हणून सगळे जुलैत छापायला टाकतात. जुलैत टाकू नका. रंगीत काम बहुतेकांचं कोल्हापूर, पुणे नाहीतर मुंबईला जातं, आणि त्या दिवसांत आंबोली, गगनबावडा, आंबा यांपैकी कुठल्या घाटात दरड येईल याचा नेम नाही. पार्सल वर अडकतं आणि तुम्ही खाली एसटी स्टँडवर चकरा मारता. गठ्ठे मेअखेर घरात आले पाहिजेत. म्हणजे चित्रं मार्चमध्ये पूर्ण, अक्षरं एप्रिलच्या मध्यावर. जमत नसेल तर पानं कमी करा, तारीख पुढे ढकलू नका.

पानांची संख्या चारच्या पटीत. सेंटर पिनचं पुस्तक म्हणजे घडी घातलेले कागद, त्यात एकतीस पानं बसत नाहीत. एफोरचे आठ कागद घ्या, एकात एक घालून मधोमध दुमडा, एफाइव्हची बत्तीस पानी डमी तयार. प्रत्येक पानावर नुसता आकडा आणि काय घडतं त्याची एक ओळ लिहा. एक नंबरचं पान उजवीकडे येतं आणि पान उलटलं की समोर सम आकडा. भूत, प्रेत, बुडालेलं गलबत, जे काही दचकवायचंय ते सम पानावर ठेवा; विषम पानावर ठेवलंत तर वाचकाला ते डावीकडचं पान वाचतानाच दिसलेलं असतं. डमी हातात असली की हे दोन मिनिटांत कळतं, स्क्रीनवर कधीच कळत नाही.

कापण्यासाठी चारी बाजूंनी 3 मिमी जास्त चित्र. मजकूर कडेपासून किमान 5 मिमी आत, मधल्या पानांवर अजून थोडा आत, कारण घडीत आतली पानं बाहेर सरकतात आणि कापताना जास्त जातात. रंगीत पानं 300 डीपीआय (इंचाला इतके ठिपके), नुसत्या शाईच्या रेषा 600 किंवा वर. फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत. अक्षरांचा काळा रंग नुसता के 100, म्हणजे फक्त काळी शाई, शंभर टक्के. चारही रंग मिसळून केलेला काळा अक्षरांना दिलात तर प्लेट केसभर हलली तरी अक्षराला रंगीत सावली येते.

आता अक्षरं. इथे घाई करू नका.

संवाद आधी लिहा, फुगा मागून काढा. मराठीत शब्द लांबतात. ‘खलाशांच्यासाठीसुद्धा’ हा एकच शब्द आहे आणि तो मधे तोडता येत नाही. अरुंद फुग्यात तो मावत नाही, मग माणसं टाइप लहान करतात. एफाइव्हवर देवनागरी नऊ पॉइंटच्या खाली नेऊ नका. दोन ओळींत अंतर सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे का ते बघा, नसेल तर जोडाक्षरं फुटतात.

आणि फाइल छापखान्यात जाण्यापूर्वी सगळ्या अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे टाइपचं चित्र करून टाका, मग फॉन्ट लागत नाही. इलस्ट्रेटरवाल्यांनी आउटलाइन म्हणा, काम तेच. तुमच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आहे, छापखान्यात नाही. पीडीएफ दिली म्हणून निश्चिंत राहू नका. पानं लावण्यासाठी तिथला मुलगा ती पीडीएफ कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, कोरलला फॉन्ट सापडत नाही, तो दुसरा घालतो. इंग्रजीत एवढंच होतं की टाइप वेगळा दिसतो. आपल्याकडे वेलांट्या सरकतात, जोडाक्षरांचे पाय मोडून पडतात. माझ्या पहिल्या पुस्तकात ‘किनाऱ्यावर’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर होता, आणि छापून आला तो ‘किनार्यावर’. किनाऱ्यावरच घडणारी गोष्ट, आणि किनाराच चुकलेला. छापखान्याला बोल लावता येत नाही, त्यांनी आलेली फाइल छापली. तेव्हा कर्व्ह.

कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून शुद्धलेखन त्याआधी. मजकूर असलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने, वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. लाइट जाते तेव्हा काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग सगळे लेयर अनलॉक करा. लॉक केलेल्या किंवा लपवलेल्या लेयरवरचा मजकूर तसाच राहतो, आणि तिथेच नेमके ‘धप्प’ आणि ‘सर्र्र’ असतात. मुखपृष्ठ ही वेगळी फाइल असते, तिचेही कर्व्ह. मलपृष्ठावरचे चार शब्द, किंमत, पत्ता, त्यांचेही. झाल्यावर पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी उघडा. ती रिकामी पाहिजे. एक जरी नाव दिसलं तरी कुठेतरी एक फुगा राहिलाय, शोधा.

एवढ्यावरही छापखान्याकडून कागदावर प्रूफ मागा. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो म्हणजे प्रूफ नव्हे. प्रूफ हातात आलं की गोष्ट वाचू नका, ऱ्य, र्‍ह, रु, रू, श्र, द्ध आणि रफार एवढंच शोधत जा. ‘वाऱ्यावर’, ‘खाऱ्या’, ‘तऱ्हा’: आपल्या भागातली गोष्ट असली की हे शब्द येणारच.

मालवणीत संवाद असतील तर ते मालवणी बोलणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. ‘खंय’ आणि ‘माका’ घातलं की मालवणी झाली असं नाही. रत्नागिरीच्या माणसाने लिहिलेल्या मालवणीला वेंगुर्ल्यात कसे हसतात ते स्टॉलवर उभं राहून ऐकायला बरं वाटत नाही. आणि पिंगुळीच्या चित्रकथीसारखी चित्रं हवी असतील तर पिंगुळीला जा, पोथ्या बघा, विचारा. ती ठाकर समाजाच्या घरांत सांभाळलेली कला आहे, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. इंटरनेटवरून उचललेली आकृती तिथल्या माणसाला लगेच ओळखू येते.

लेखक एक आणि चित्रकार दुसरा असेल तर कागदावर लिहा. मित्र आहात म्हणूनच लिहा. कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात.

छपाई: शंभर प्रती असतील तर डिजिटल, पाचशेच्या पुढे ऑफसेटचा, म्हणजे प्लेट बनवून होणाऱ्या छपाईचा, दर विचारा, दोन्हींचा विचारा. रंगीत कामाला चार रंगांच्या चार प्लेट, काळ्या-पांढऱ्याला एक. पहिलं पुस्तक काळं-पांढरं करा, मुखपृष्ठ रंगीत. आत 100 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागद, कव्हर 250 जीएसएम. कव्हरला लॅमिनेशन घ्याच, दमट हवेत उघडा कागद टिकत नाही. फाइल पाठवायच्या आधी कर्व्ह पुन्हा बघा. शेवटच्या क्षणी कुणीतरी किंमत बदलतो, आणि ती नव्याने टाइप केलेली किंमत कर्व्ह नसते.

गठ्ठे जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टेकवूही नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळाभर उघडे राहिले तर पिना गंजतात आणि मधल्या पानावर तांबूस डाग उतरतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करा, पण कव्हर पक्कं होण्याआधी, कारण बारकोड तिथेच येतो. जत्रेत विकायला त्याची गरज नाही. छापल्यावर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यात सांगितलेल्या इतर ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते.

टपालासाठी 2025 पासून ज्ञान पोस्ट ही टपाल खात्याची पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत 20 रुपयांपासून. वर सांगितलेल्या कागदाचं बत्तीस पानी पुस्तक साधारण पासष्ट ग्रॅम भरतं, म्हणजे एका पाकिटात चार जातात. आत मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. व्यापारी जाहिरात चालत नाही, त्यामुळे मलपृष्ठावर कुणाच्या हापूसच्या पेट्या घेऊ नका, किंवा घ्या आणि जास्त टपालखर्च सोसा.

दुकानदार तीस-चाळीस टक्के मागतो, किंमत ते धरूनच ठरवा. स्टॉलवर क्यूआर कोड, सुट्टे पैसे, कारण आंगणेवाडीच्या जत्रेच्या गर्दीत नेटवर्कचा भरवसा नाही. वाऱ्यासाठी चिमटे. पाण्याची बाटली पुस्तकांपासून लांब.