लाकडी फ्लोअरला काहीही लावायच्या आधी त्यावर आधीच काय लावलंय ते बघा

न्यू जर्सीत आम्ही १९२० च्या दशकातलं घर घेतलं, सगळीकडे ओकचं फ्लोअर, आणि पहिल्याच आठवड्यात मी मुंबईत फरशी पुसायचे तशी बादली घेऊन सगळं घर पुसून काढलं. वाळल्यावर जेवणाच्या खोलीभर पांढरट डाग. लाकडाला काही झालं नव्हतं, डाग वरच्या फिनिशवर, म्हणजे लाकूड जपायला लावलेल्या थरावर होते, आणि ते फिनिश कुठलंय हे मी बघितलंच नव्हतं.

जुन्या घरात बहुतेक वेळा मेण, शेलॅक किंवा वॉर्निश असतं. शेलॅक म्हणजे आपली लाख, आजीच्या सागवानी कपाटाला फ्रेंच पॉलिश असतं ना, तेच, आणि पूर्वी ही लाख भारतातूनच इकडे यायची. साधारण १९६०-७० नंतर पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक थर होणारं फिनिश, आलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच दिसतं. फळ्यांच्या कडांना बारीक खाचा असतील तर ते बहुतेक फॅक्टरीत फिनिश करून आलेलं फ्लोअर, त्याचा थर खूप कडक असतो.

टेस्ट करायला क्लोजेटमधला कोपरा घ्या, दिसणारी जागा नको. आधी पाण्याचा एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. पांढरा डाग पडला तर बहुतेक मेण आहे, थेंब मुरून लाकूड काळपट झालं तर तिथलं फिनिश संपलंय, आणि थेंब तसाच टपोरा बसला तर थर शाबूत आहे. मग पांढऱ्या कापडावर थोडं मिनरल स्पिरिट (रंगात घालतात तसला थिनर) घेऊन घासा, कापडाला पिवळट-तपकिरी चिकट काही आलं तर मेण. मेण निघाल्यावर त्याच जागी डिनेचर्ड अल्कोहोल लावा, आपल्याकडे पॉलिशवाले ज्याला नुसतं स्पिरिट म्हणतात ते, चिकट होऊन विरघळायला लागलं की शेलॅक समजा, पॉलियुरेथेनला त्याने सहसा काही होत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस नको, समई नको. आणि १९७८ च्या आधीचं घर असेल तर जुन्या थरात शिसं असू शकतं, म्हणून शिशाची टेस्ट केल्याशिवाय सँडिंग, म्हणजे सँडपेपरने थर घासून काढणं, करूच नका, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नाही.

मेणाचं फ्लोअर असेल तर ओला मॉप बंद. कोरडं झाडायचं, चमक गेली की पेस्ट वॅक्स अगदी पातळ लावून बफ करायचं, म्हणजे मऊ कापडाने घासून चमकवायचं. माझे पांढरे डाग अगदी बारीक स्टील वूलला थोडं मेण लावून हलकं घासल्यावर गेले, पण त्यात दोन दिवस गेले. शेलॅकलाही पाणी आणि अल्कोहोल चालत नाही. पॉलियुरेथेनला मात्र मेण कधीच लावू नका, कारण पुढे नवीन कोट द्यायची वेळ आली की तो धरतच नाही. पिळून जवळजवळ कोरडा केलेला मायक्रोफायबर मॉप आणि लाकडी फ्लोअरचा साधा क्लीनर पुरतो. व्हिनेगर लावा असं सगळे सांगतात, मला ते पटत नाही, त्याने हळूहळू चमक जाते. स्टीम मॉप तर कुठल्याच लाकडावर नको.

खरा शत्रू वाळूचे कण. चपला दाराबाहेर काढायची आपली सवय इथे फार कामाला येते. पण रांगोळीकडे लक्ष द्या, ती दगडाची पूड आहे, पायाखाली आली की सँडपेपरसारखी घासते, त्यामुळे दिवाळीत मी ती पाटावर काढते. देवासमोर मोठा ट्रे ठेवते कारण फिनिश झिजलेल्या जागी हळद किंवा तेल सांडलं की ते लाकडात उतरतं आणि मग पुसून जात नाही.

हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा कोरडी होऊन फळ्यांमध्ये फटी दिसतात, घाबरू नका, ह्युमिडिफायर लावून घरातली आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवली की बराच फरक पडतो, उरलेल्या फटी उन्हाळ्यात मिटतात.

पॉलियुरेथेन मंद दिसायला लागलं पण थेंब अजून टपोरा बसतोय, तेव्हाच रिकोट करून घ्या, वरचा थर हलका घासून नवा कोट, बस्स. थेंब मुरायला लागेपर्यंत थांबलात तर पूर्ण सँडिंग, आणि इंजिनिअर्ड फ्लोअर (खाली प्लायवूडसारखा पाया, वर खऱ्या लाकडाचा थर) असेल तर वरचं लाकूड इतकं पातळ असतं की कधीकधी तेही करता येत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर रिकोट केलं तेव्हा कुठलं फिनिश, कधी लावलं हे कागदावर लिहून क्लोजेटच्या दाराला आतून चिकटवलं.