हलकी सायकल घेण्याआधी एकदा २ लिटर पाणी घेऊन सिंहगड चढून बघा

दर पावसाळा संपला की आमच्या सायकलच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, माझी सायकल १३ किलोची आहे, ९ किलोची घेतली तर सिंहगड किती फास्ट होईल? मग दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते कार्बन फायबरची हलकी सायकल घे डोळे झाकून, दुसरी म्हणते आधी पोट कमी कर. दोघांपैकी कोणीच आकडा सांगत नाही. आकडा काढणं काही अवघड नाहीये, आठवीतलं विज्ञान पुरतं. तर कसा काढायचा आणि काढल्यावर पैसे कुठे घालायचे ते लिहितो.

पहिल्यांदा वजन करा, सायकलचं नुसतं नाही, सगळ्याचं. घरातल्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग सायकल उचलून उभे राहा, फरक म्हणजे सायकल. कंपनीच्या साइटवर लिहिलेलं वजन पेडल, बाटलीचा स्टँड, घंटी, लाइट, लॉक यातलं काहीच न धरता असतं त्यामुळे एक-दीड किलोचा धक्का बसेल, बसू द्या. आता त्यात हेल्मेट, शूज, पंपाची पिशवी आणि पाणी मिळवा. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड किलो झाले बघा. लोक ८० ग्रॅम वाचवायला सीटपोस्ट (सीटखालची दांडी) बदलतात आणि तासाभराच्या राइडला दोन फुल बाटल्या घेऊन जातात, मीही केलंय हे.

समजा तुम्ही ७५, सायकल १२, बाकी सामान ३, एकूण ९० किलो. चढ धरू ६०० मीटर उंचीचा आणि साडेआठ किलोमीटर लांबीचा, म्हणजे सरासरी ७ टक्के, सिंहगडच्या आसपासचंच काम. ९० किलो ६०० मीटर वर न्यायला साधारण ५ लाख ३० हजार ज्यूल लागतात, वजन गुणिले ९.८ गुणिले उंची, बास. टायरचं घर्षण, थोडी हवा आणि चेनमधे जाणारी ताकद धरली की ६ लाख होतात. तुम्ही सलग १५० वॉट देऊ शकत असाल तर ६ लाख भागिले १५० म्हणजे ४००० सेकंद, सत्तर मिनिटांच्या आतबाहेर, ६७ धरा.

आता यातून १ किलो काढा. ९० मधला १ म्हणजे १.१ टक्का, ६७ मिनिटांतले ४४ सेकंद. हे ४४ सेकंद लक्षात ठेवा कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. १२ ची सायकल जाऊन ९ ची आली तर सव्वादोन मिनिटं वाचली. पोटावरचे ५ किलो गेले तर साडेतीन मिनिटांच्या वर. आणि १५० चे १७० वॉट झाले तर? ६ लाख भागिले १७०, एकोणसाठ मिनिटं. आठ मिनिटं गेली! तेवढी सायकलच्या वजनातून काढायची म्हटली तर जवळजवळ ११ किलो कमी करावे लागतील, म्हणजे १ किलोची सायकल. टूर द फ्रान्समधे पळणाऱ्यांच्या सायकलीलासुद्धा ६.८ किलोच्या खाली जायची परवानगी नाही, यूसीआयचा म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा २००० सालापासूनचा नियम आहे तो.

हे सगळं सपाट रस्त्यावर तर अजूनच गळून पडतं. २५ च्या स्पीडला एकट्या हवेशी भांडण्यातच ७५-८० वॉट जातात आणि १ किलो वजनाने फरक पडतो अर्ध्या वॉटपेक्षा कमी. तुम्ही कोपर थोडं वाकवून बसलात आणि फडफडणारं जॅकेट काढलंत तर त्याच्या कितीतरी पट जास्त मिळतं, फुकट.

कागदावर विश्वास नसेल (माझा नव्हता) तर घाटात करून बघा. तुमचा नेहमीचा घाट घ्या, सिंहगड नाहीतर बोपदेव, वाईकर असाल तर पसरणी. चार रविवार पकडा. दोन रविवारी नेहमीसारखं चढायचं आणि दोन रविवारी पाण्याच्या १ लिटरच्या दोन बाटल्या जास्तीच्या, सायकलला घट्ट बांधून, त्या प्यायच्या नाहीत, वर पोचल्यावर ओतून द्यायच्या. कोणत्या रविवारी कोणतं ते निघताना नाणं उडवून ठरवा नाहीतर ज्या दिवशी पाय हलके वाटतात त्या दिवशी आपण बरोब्बर बिनबाटलीचं जातो. वेळ सारखी ठेवा, सकाळी सहाला पायथा म्हणजे सहा, कारण आठच्या उन्हात तीच चढण वेगळी असते. हार्ट रेट बेल्ट असेल तर लावा आणि सगळ्या दिवशी साधारण तेवढ्याच ठोक्यांवर चढा. कोणी ओळखीचा पुढे गेला म्हणून मागे पेटायचं नाही, तो रविवार बाद.

हिशोबाने २ किलोंचा फरक दीड मिनिट यायला हवा. माझं काय झालं सांगतो, बाटलीवाल्या एका रविवारी मी बिनबाटलीच्या रविवारपेक्षा दोन मिनिटं आधी पोचलो, कारण आदल्या रात्री झोप नीट झाली होती आणि बिनबाटलीच्या रविवारच्या आदल्या दिवशी लग्नात बासुंदी हाणली होती. म्हणजे झोप, जेवण, वारा, ऊन यांनी होणारी आपली रोजची वरखाली त्या २ किलोंना गिळून टाकते. यावर एका इंग्लिश डॉक्टरने मजेत पण व्यवस्थित प्रयोग केला होता, २०१० मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या ख्रिसमस अंकात आला होता. त्याने रोजच्या ४३ किलोमीटर येण्याजाण्यासाठी दोन सायकली ठेवल्या, एक जुनी स्टीलची साडेतेरा किलोची, सेकंडहँड ५० पौंडांना घेतलेली, दुसरी कार्बनची साडेनऊ किलोची, १००० पौंडांची. रोज नाणं उडवायचा. ५६ फेऱ्या झाल्यावर दोन्हींचा सरासरी वेळ १ तास ४८ मिनिटांच्या आसपासच निघाला, उलट स्टीलवाली अर्धा मिनिट पुढे! अर्थात तो एकच माणूस आणि एकच रस्ता, पण ४ किलो कुठे गेले ते तुम्हीच बघा.

बरं मग पैसे कुठे घालायचे? माझ्या मते आधी टायर. यावर मी जरा जास्त बोलणार कारण आपल्याकडे निम्मे लोक डांबरी रस्त्यावर गुटक्यांचे जाड एमटीबी (डोंगरी सायकलचे) टायर घेऊन फिरतात, तेही अर्धवट हवेत. असले टायर आणि चांगले स्लिक म्हणजे गुळगुळीत टायर यांच्यात घाटाच्या स्पीडलासुद्धा सहज दहा वॉट जातात, म्हणजे १५० मधले दहा, आणि तेवढा फरक सायकलच्या वजनातून आणायचा तर पाच-सहा किलो कमी करावे लागतील. टायरचं काम होतं दोन-चार हजारांत! सपाटीला हाच फरक तीस वॉटच्या घरात जातो. हवासुद्धा दर रविवारी गेज लावून बघायची, अंगठ्याने दाबून नाही. ७०० बाय २८ चे टायर आणि ७५ किलोचा माणूस असेल तर पुढे ७०, मागे ७५-८० पीएसआयच्या आसपास सुरुवात करा आणि तुमच्या रस्त्याच्या खड्ड्यांप्रमाणे वरखाली करा. पुढचा शॉकअप लॉक होत असेल तर चढाला लॉक करा, नाहीतर उभं राहून मारलेल्या प्रत्येक पेडलला तो खाली बसतो आणि तुमची ताकद खातो.

दुसरं गिअर. वरच्या ६७ मिनिटांच्या हिशोबात स्पीड साडेसातच्या थोडा वर येतो. रोडबाइकला पुढच्या चक्राला ३४ दाते आणि मागच्या मोठ्यात मोठ्या चक्राला २८ असतील तर त्या स्पीडला पेडलचे मिनिटाला ५० च फेरे होतात, म्हणजे गुडघ्यांवर जोर देऊन दळण दळल्यासारखं. मागे ३४ लावलात की ६० फेरे, पुढे ३० असेल तर ७० च्या जवळ. मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दात्यांचं चक्र पेलतं का ते मेकॅनिकला आधी विचारा, काहींना लांब केजचा डिरेलर घालावा लागतो. कॅसेट म्हणजे मागच्या चक्रांचा संच थोडा जड होईल, शंभर-दोनशे ग्रॅम, होऊ द्या. ज्याला वाटतं मागे मोठं चक्र लावणं कमीपणाचं आहे त्याला शेवटच्या दोन किलोमीटरच्या वळणांवर भेटा.

सीटची उंची फुकट आहे, टाच पेडलवर ठेवून पेडल पार खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, तिथून सुरुवात करा.

आणि मग पाय. २० वॉट हे ऐकायला मोठं वाटतं पण जो माणूस फक्त रविवारी चालवतो त्याच्यासाठी दोन-तीन महिन्यांचं काम आहे. आठवड्यातून तीन दिवस काढा. एक दिवस लांब आणि आरामात, दोन-तीन तास, इतकं आरामात की शेजारच्याशी ऑफिसच्या राजकारणावर पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे (लोक नेमकं हेच करत नाहीत, आरामाच्या दिवशी रेस लावतात आणि जोराच्या दिवशी थकलेले असतात). एक दिवस जोराचा, पंधरा मिनिटं गरम होऊन मग ८ मिनिटं अशा जोरात की दोन-तीन शब्दांच्या वर बोलता येणार नाही, ४ मिनिटं हळू, असं चार वेळा. जवळ छोटा चढ असेल तर तिथे, पाषाण नाहीतर कात्रजच्या बाजूला मिळतात. तिसरा दिवस तासभर हलकं. चौथा आठवडा निम्मा करायचा, शरीराला वेळ मिळतो. छातीत दुखणं, चक्कर असलं काही होत असेल किंवा चाळिशी ओलांडून नव्याने सुरुवात करत असाल तर जोराच्या दिवसाआधी डॉक्टरांना दाखवून घ्या.

वजन कमी करणाऱ्यांना एकच, उपाशीपोटी घाट चढून वजन घटत नाही, वर जाऊन दोन प्लेट कांदाभजी, पिठलं भाकरी आणि मडक्यातलं दही होतं. निघण्याआधी एक केळ खा, वरची भूक आटोक्यात राहते. दही घ्या, दही सोडा असं मी म्हणू शकत नाही.

हलकी सायकल कधीच घेऊ नका असं नाही हं. एक हिशोब उलटा पडतो. ४८ किलोच्या मुलीला १५ किलोची हायब्रिड दिली तर सामान धरून एकूण झाले ६५, त्यातले ४ किलो कमी केले तर ६ टक्के, तासाच्या चढात साडेतीन मिनिटं. तेच ८५ किलोच्या माणसाला ४ टक्क्यांपेक्षा कमी. म्हणजे दुकानात ज्याला हलकी सायकल दाखवतात तो बहुतेक वेळा मोठा धिप्पाड दादा असतो आणि जिला खरी गरज आहे तिला लेडीज मॉडेल म्हणून सगळ्यात जड सायकल बास्केटसकट दिली जाते. घरात बारीक अंगाचं कोणी चालवणारं असेल तर पैसे आधी तिथे घाला.

आणि तुम्ही लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, खाली सायकल ठेवली की चोरीला जाते म्हणून रोज खांद्यावरून वर नेत असाल, तर हा वरचा सगळा हिशोब गुंडाळून ठेवा आणि परवडेल तेवढी हलकी घ्या. मी राहतो. मी घेतली. सिंहगडला पावणेदोन मिनिटं वाचली असतील नसतील, पण आता जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीच्या कुंडीला हँडल लागत नाही.