मौना लोआचा आलेख स्वतः काढा, मग कार्बनचा माग काढा

हवामानबदल का होतोय हे पटवून घ्यायचं असेल, तर त्याचा मूळ आलेख, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा, एकदा स्वतःच्या हाताने काढावा. लागतं ते एवढंच: संगणक, एक्सेल किंवा लिब्रेऑफिस, आणि निवांत दोन तास.

हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, ३,३९७ मीटर उंचीवर, चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. पहिलं माप होतं ३१३ पीपीएम, म्हणजे कोरड्या हवेच्या दहा लाख रेणूंत ३१३. मासिक सरासरीची फाइल अमेरिकेच्या नोआ आणि स्क्रिप्स या संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते.

फाइल उघडल्यावर लगेच आलेख काढू नका. स्क्रिप्सच्या फाइलमध्ये मोजणी नसलेल्या महिन्यांपुढे −९९.९९ असं लिहिलेलं असतं. ते माप नव्हे, रिकामी जागा आहे. तसंच ठेवलं तर आलेखात खोल विहिरी दिसतात. तेवढ्या चौकटी कोऱ्या करा. १९६४ मध्ये पैशाअभावी मोजणी काही महिने थांबली होती, तिथे अशी फट सापडेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा पुढचे काही महिने शेजारच्या मौना केआवरून मोजणी झाली.

आलेख करवतीच्या दात्यांसारखा येईल. मे महिन्यात शिखर, सप्टेंबरच्या सुमारास तळ, आणि फरक साधारण ६ पीपीएम. उत्तर गोलार्धातली जंगलं उन्हाळ्यात कार्बन ओढून घेतात आणि पानगळीनंतर सोडतात, त्याचा हा श्वास. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: सप्टेंबरची तुलना पुढच्या मेशी केली की वाढ फुगलेली दिसते. मेची तुलना मेशीच करा. किंवा पहिल्या बारा महिन्यांची सरासरी सातव्या ओळीत लिहा आणि सूत्र खालपर्यंत ओढा; दाते निघून जातात, चढ उरतो.

आता तो चढ मोजा. वार्षिक सरासरी १९६० मध्ये ३१६.९ होती, १९७० मध्ये ३२५.७: वर्षाला ०.९ पीपीएमपेक्षा थोडी कमीच. २०१० मध्ये ३९०.१ आणि २०२० मध्ये ४१४.२: वर्षाला २.४. रेघ नुसती चढत नाही, अधिकाधिक उभी होत चालली आहे.

मागचा इतिहास अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतून मिळतो. औद्योगिक युगाआधी सुमारे २८०. गेल्या आठ लाख वर्षांत साधारण १८० ते ३०० च्या दरम्यान. मात्र बुडबुडा बर्फ दाबला जाऊन खोलवर बंद होतो, म्हणून आतली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा तरुण असते. फाइलमध्ये वयाचे दोन रकाने असतील तर हवेचं वय घ्या.

वाढ कुठून आली? १ पीपीएम म्हणजे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. अलीकडे कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन बाहेर पडतो, जंगलतोडीसारख्या जमीनबदलातून अंदाजे ४. बेरीज ४१, भागिले ७.८, उत्तर ५.२५ पीपीएम. हवेत वाढ दिसते ती जेमतेम निम्मी. उरलेला समुद्र आणि झाडं गिळतात. म्हणजे निसर्ग हवेत कार्बन घालत नाहीये, उलट काढून घेतोय. हा हिशोब पुरेसा बोलका आहे. ज्वालामुखींचा वाटा माणसाच्या तुलनेत एक टक्क्याहूनही कमी.

दुसरी खूण कार्बन-१४ ची, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराची. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, त्यामुळे कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो; असा कोळसा जाळला की हवेतला कार्बन-१४ पातळ होतो. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या लाकडात हा पातळपणा दाखवला. ही तपासणी १९५० च्या आधीच्या लाकडावरच करा. नंतरच्या अणुचाचण्यांनी कार्बन-१४ कृत्रिमरीत्या वाढवला, आणि खूण उलटी दिसते.

या वाढीमुळे अडकणारी जादा उष्णता काढायला ५.३५ ला आजच्या प्रमाणाच्या आणि २८० च्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगने गुणा. २०२४ ची सरासरी ४२४.६ घेतली तर सुमारे २.२ वॅट प्रति चौरस मीटर येतात. एक्सेलमध्ये दहा पायाचा लॉग निवडला गेला तर उत्तर १ च्या खाली येतं. आकडा छोटा वाटला की आधी हेच बघा. हा फक्त कार्बन डायऑक्साइडचा वाटा, मिथेन वेगळा. प्रमाण आणि उष्णता यांचं हे लॉगचं नातं स्वांते अऱ्हेनिअस यांनी १८९६ मध्येच मांडलं होतं.

आपल्याकडची तुलना हवी असेल तर गोव्यात काबो द रामा इथे १९९३ पासून काही वर्षं बाटल्यांत भरून घेतलेल्या हवेची मापं बघा. पावसाळ्यात तिथे समुद्रावरची हवा येते, हिवाळ्यात जमिनीवरची, धूर घेऊन. ही मापं मौना लोआच्या रकान्यात मिसळू नका, वेगळ्या रंगात काढा.