तेहोकोते घालून मेक्सिकन पोंचे कसं करावं

मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबरला पोसादा, म्हणजे नाताळाआधीच्या मिरवणुका आणि मेळावे असतात, आणि त्या थंडीच्या रात्री आल्यागेल्याला गरम पोंचे, म्हणजे फळांचं पेय देतात. त्यात पेरू, ऊस, दालचिनी, चिंच असतेच, पण खरी चव तेहोकोतेची. हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या एका मेक्सिकन जातीचं हे पिवळं-केशरी, बोराहून थोडं मोठं, ठिपकेदार फळ. कच्चं खाल्लं तर आंबट-तुरट आणि पिठूळ लागतं. शिजलं की मऊ होतं, आणि त्यातल्या भरपूर पेक्टिनमुळे (जॅम घट्ट करणारा फळांतला घटक) पाण्याला छान दाटपणा येतो. सफरचंद घालून तितका येत नाही, म्हणून तेहोकोते वगळू नका.

अमेरिकेत राहणाऱ्यांना नोव्हेंबर-डिसेंबरात मेक्सिकन दुकानांत ताजी फळं मिळतात (२०१५ पर्यंत मेक्सिकोतून ती आणायला बंदी होती). एरवी गोठवलेली किंवा पाकातली घ्या.

अर्धा किलो फळं उकळत्या पाण्यात ५ ते १० मिनिटं ठेवा. साल सैल झाली की गार पाण्यात टाकून सोला. देठ आणि खालचा सुकलेला तुरा काढा. बिया आत राहिल्या तरी चालतं, त्या टणक असतात आणि खाताना बाजूला काढायच्या असतात.

मोठ्या पातेल्यात ३ लिटर पाणी, २ दालचिनीच्या काड्या, पाव किलो पिलोन्सियो, सोललेल्या उसाच्या कांड्या आणि तेहोकोते एकदमच घाला. पिलोन्सियो म्हणजे उसाचा गूळच. आपला चिरलेला गूळ बिनदिक्कत वापरा. मंद आचेवर अर्धा तास शिजू द्या. मग मूठभर सुकी अंबाडीची बोंडं, थोडा चिंचेचा कोळ आणि मनुका घाला. पेरूच्या फोडी अगदी शेवटी, १० मिनिटं आधी; लवकर टाकल्या तर विरघळून जातात आणि सगळं गढूळ होतं. पाकातले तेहोकोते असतील तर तेही पेरूबरोबरच.

प्रत्येक पेल्यात फळं यायला हवीत, सोबत चमचा द्या. मोठ्यांना हवी तर वरून थोडी रम.

एक गोष्ट कळकळीने सांगते. वजन घटवायला म्हणून ‘तेहोकोतेचं मूळ’ ऑनलाइन विकतात, ते घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या अशा कित्येक डब्यांत विषारी पिवळी कण्हेर निघाली. आपल्याकडे कुंपणाला असते तीच, बिट्टी.