काळी, मुरूम आणि पाषाण: सोलापूरकडे कुंपणाचे खांब रोवताना

मोहोळकडच्या एका उसाच्या शेतावर मी पहिलं स्वतंत्र काम घेतलं ते ऐन मे महिन्यात. रानडुकरांचा त्रास होता म्हणून जाळीचं कुंपण हवं होतं. जमीन भारी काळी, हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. दीड फुटावर मी थांबलो, तोंडापर्यंत काँक्रीट ओतलं, जाळी ताणली आणि पैसे घेऊन घरी आलो. सप्टेंबरात मालकांचा फोन आला, "दादा, एकदा येऊन बघून जा." जाऊन बघतो तर चाळीस खांबांची ओळ पार वाकडी. काही खांब चार बोटं वर उचललेले आणि त्यांच्या गळ्याशी माझं काँक्रीट छत्रीसारखं पसरलेलं. ती सगळी ओळ मी पदरचे पैसे घालून परत उभी केली. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी तरी ही चूक करू नये, म्हणून लिहितोय.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. आपल्याकडे मोठा पाऊस बहुतेक सप्टेंबरात आणि परतीचा, त्यामुळे उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन थोड्या दिवसांत एकदम फुगते. खड्ड्याचं तोंड रुंद आणि बूड निमुळतं असेल, तर फुगणारी माती काँक्रीटच्या त्या रुंद कडेला खालून धरते आणि खांबासकट वर ढकलते. म्हणून खड्डा उलटा हवा: तोंड अरुंद, बूड रुंद. आमच्या टोळीतल्या अण्णांनी मला हे हाताला धरून शिकवलं. पहारीने दोन फूट सरळ उतरायचं, मग पोटावर पालथं पडून पत्र्याच्या डब्याने माती उपसायची आणि पहार तिरकी धरून बुडाशी चारी बाजूंनी कोरायचं. खांदा खड्ड्यात जातो, तोंडाला माती लागते, वेळही लागतो. पण काळ्या रानात मी या एका गोष्टीत काटकसर करत नाही.

आठ फुटी खांब काळ्यात अडीच फूट तरी आत हवा, कोपऱ्याचा तीन फूट. काँक्रीट फक्त बुडाच्या फुगीर भागात. त्यावर मुरूम, वीतभर थर टाकून पहारीच्या बुडाने ठोकत ठोकत. मात्र मुरूम पार तोंडापर्यंत भरू नका. मोकळ्या मुरमातून पाणी खाली उतरतं आणि काळ्या मातीत मुरायला जागा नसल्याने खड्डा वाटीसारखा भरून राहतो. वरचं अर्धा फूट काळ्या मातीनेच घट्ट बुजवा आणि खांबाभोवती थोडा उंचवटा ठेवा, म्हणजे पाणी बाहेर पडेल.

सांगोला, मंगळवेढ्याकडच्या हलक्या माळावर गोष्ट वेगळी. तिथला मुरूम उन्हाळ्यात टिकावाला दाद देत नाही. आदल्या संध्याकाळी प्रत्येक खुणेवर वीतभर खळगा करून दोन बादल्या पाणी ओता, सकाळी उन्हाआधी पहार धरा. काळ्यात हा उपाय चुकूनही करू नका, चिखल पहारीला असा चिकटतो की मातीपेक्षा अवजारच जास्त साफ करावं लागतं. मुरमात भिंती उभ्या राहतात, निघालेलाच मुरूम ठोकून भरला तरी खांब छान धरतो.

खाली काळा पाषाण लागला तर आधी आवाज ऐका. पहार ठण्ण वाजून उसळली तर खडक सलग असतो. आवाज बोदा आला आणि काहीतरी हलल्यासारखं वाटलं तर बहुतेक सुटा गोटा. गोटा असेल तर तो उकरून काढा किंवा खुणेपासून अर्धा फूट सरका. सलग खडक असेल तर पहारीने हात मोडून घेण्यात अर्थ नाही. ब्रेकर आणा, नाहीतर ड्रिलने भोकं पाडून सळया सिमेंटात बसवा आणि त्यावर खांबाचं काँक्रीट धरा. गॉगल लावल्याशिवाय पाषाणावर घाव घालू नका. कपच्या थेट डोळ्याकडे येतात.

दर सांगण्याआधी शेतात तीन-चार ठिकाणी पहार मारून बघा. एकाच बांधावर एका टोकाला काळी आणि दुसऱ्या टोकाला पाषाण, असं आपल्याकडे नेहमीच असतं. काळ्याचा, मुरमाचा आणि खडकाचा दर वेगळा सांगा, तोही काम सुरू होण्याआधी. मालकांना मोजणीचे हद्दीचे दगड दाखवायला सांगा आणि ठिबकची मेन लाईन कुठून गेली तेही विचारा. पाईप फुटला की भांडण ठरलेलं.

काळ्यातलं काम मी आता मार्गशीर्ष-पौषात घेतो, जमिनीत वाफसा असताना, म्हणजे ती ना चिखल ना कोरडी ठक्क असते तेव्हा. कोपऱ्याचे खांब आधी, मग दोरी, मग मधले खांब दहा-दहा फुटांवर. ओळंबा दोन बाजूंनी धरायचा. कोपऱ्यांना तिरके टेकू, कारण जाळीचा सगळा ताण तिथेच येतो. काँक्रीटला सात दिवस पाणी मारल्याशिवाय जाळी ताणत नाही, मालकांनी कितीही घाई केली तरी.

मोहोळचे ते चाळीस खांब दरवर्षी मोठ्या पावसानंतर जाऊन बघतो. गेल्या वेळी कोपऱ्याचा एक बोटभर झुकला होता. टेकूच्या बुडाची माती ठोकून घेतली, तारेला एक पीळ वाढवला.