फ्लॅटमध्ये बुरशी धरू नये म्हणून काय करावे

जून ते सप्टेंबर मुंबईची हवाच दमट असते, तरी एका फ्लॅटची भिंत काळी पडते आणि शेजारची कोरडी राहते. फरक पडतो तो पाण्यामुळे. म्हणून तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी असा की दुसऱ्याचा भाड्याचा फ्लॅट सांभाळत असा, रंगाऱ्याला बोलवण्याआधी पाणी शोधा. ओल्या भिंतीवरच्या रंगाला पुन्हा पोपडे येणारच.

आधी हे करून बघा. डाग पुसून कोरड्या झालेल्या भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा ठेवा, चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा आणि 24 तासांनी पाहा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर घरातल्या हवेची वाफ भिंतीवर साचते आहे. एक्झॉस्ट लावा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, कपडे खोलीत वाळत घालू नका. फॉइलच्या मागे ओल असेल, तर पाणी भिंतीतूनच येते आहे.

मग माग काढा. सर्वांत वरच्या मजल्याचे छत ओले असेल तर गच्ची, खिडकीचा कोपरा असेल तर छज्जा किंवा बाहेरची भेग, बाथरूमखालचे छत असेल तर वरच्या घरातला नहाणी ट्रॅप (जाळीखालचा सांडपाण्याचा सापळा) आणि लाद्यांच्या फटी तपासा. पाऊस थांबला तरी ओल वाढतच असेल, तर संशय पाइपवर घ्या.

खर्च कोणाचा, यावरच काम महिनोन्‌महिने अडते. आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने, तर घरातल्या संडास-सिंकची गळती सभासदाने दुरुस्त करायची. तक्रार तारीख आणि फोटोसह लेखी द्या, पोच घ्या. तोवर त्या खोलीत कोणी झोपत असेल, तर आधी त्याला दुसऱ्या खोलीत हलवा. ओल आणि बुरशीचा दमा व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे. लहान मुले, दमेकरी आणि केमोथेरपी घेणारे यांना तर साफसफाईच्या वेळीही घरात ठेवू नका.

डाग दहा चौरस फुटांच्या आत असेल तर स्वतः साफ करता येतो. एन-95 मास्क, हातमोजे, चष्मा घाला. खोलीचे दार बंद, खिडकी उघडी ठेवा. कोरडे खरवडू नका, बीजाणू हवेत उडतात. डिटर्जंटच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने घासा आणि जागा पूर्ण वाळवा. ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. बुरशी लागलेली गादी किंवा जिप्समची फॉल्स सीलिंग धुऊन वाचत नाही, ती टाकूनच द्या.

बंद फ्लॅट पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी उघडा, कपाटांची दारेही. आर्द्रता मोजायचे छोटे मीटर ठेवा. आकडा 60 टक्क्यांच्या वर राहत असेल, तर एसी ड्राय मोडवर चालवा.

गच्चीच्या जाळ्या आणि डाउनटेक पाइप (गच्चीचे पाणी खाली नेणारे) मे महिन्यातच साफ करून घ्या. वॉटरप्रूफिंग पावसाआधी उरकले नसेल, तर तात्पुरती ताडपत्री घाला आणि पक्के काम दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावरच काढा.